भिलाटीची ओळ

"ही ओळ काढ आधी. घाण आहे नुसती."

धाकटे शेठ भर मीटिंगमध्ये मला म्हणाले. जळगावातलं आमचं ऑफिस, बाजाराची पाहणी करून कंपन्यांना आकडे विकणारं. समोर पडद्यावर मी तयार केलेला तक्ता. तेलाच्या कंपनीचे पुण्याहून आलेले साहेब खुर्चीत रेललेले. आणि शेठचं बोट शेवटच्या ओळीवर. ओळीचं नाव, भिलाटी.

खानदेशात गावोगाव भिलाटी असते. गावाच्या कडेला, नाल्याजवळ, भिल्लांची घरं. शिरपूर तालुक्यातल्या अशाच एका भिलाटीत मी जन्मले. त्या ओळीत माझी आई होती. माझी मावशी होती. घाण म्हणजे त्या.

भिलाटीपुढं तेलाचा खप शून्य दिसत होता. साहेबांना हसू आवरेना. "हे लोक फोडणी पाण्याची देतात की काय?"

शेठ लगेच खूष. "जंगली पब्लिक आहे साहेब. पाला उकडून खातात."

सगळे हसले. योगेशही हसला. माझ्या शेजारी बसणारा, रोज माझ्या डब्यातला ठेचा मागून खाणारा योगेश. आदल्या दिवशीच खाल्ला होता, बोटं चाटून. पाला नव्हता त्यात.

हे शून्य आलं कुठून, ते शेठला चांगलं माहीत होतं. फॉर्मवर प्रश्न होता, महिन्याला किती लिटर तेल लागतं? ज्याने तो लिहिला त्याच्या घरी तेलाचा डबा येत असणार. डबा येत नाही अशी घरं असतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. भिलाटीत मजुरी हातात पडली की संध्याकाळी दुकानावर जातात, औषधाच्या रिकाम्या बाटलीत सुटं तेल आणतात. उद्याचं उद्या. मी फॉर्म घेऊन आमच्याच दारात उभी राहिले तेव्हा आई म्हणाली होती, "लिखी ले वं माय. रोजनं तेल रोज लेतस आम्ही." मी लिहून घेतलं. सगळ्या बायांचं तसंच लिहून आणलं.

शेठने ते कागद तेव्हाच बोटाच्या टोकाने सरकवले होते. "लिटर नाही ना सांगितलं? मग रिकामं सोड. फॉर्म पुण्याहून पास झालाय. तुझ्या बायांसाठी बदलू का?" आणि रिकाम्या जागी शून्य धरायचं, असं त्यांनीच सॉफ्टवेअरमध्ये योगेशला बसवायला लावलं. आधी आमच्या तोंडात शून्य कोंबायचं, मग त्याच शून्याला हसायचं. असली अक्कल मोठ्या केबिनमध्येच पिकते.

पुढचं काम सोपं असतं. भाग निवडायचा, खप निवडायचा, सरासरी, मध्यक, किमान, कमाल यांच्यापुढं खुणा करायच्या. तक्ता तयार. बाजारपेठ, कॉलनी, गावठाण, भिलाटी. या चारींच्या खाली एक ओळ, एकूण सरासरी. साहेबांना पुण्यात दाखवायला ती सरासरी वर हवी होती. शेठना साहेब हवे होते. अडचण आमचीच होती.

मला कामावर घेताना शेठने माझं आडनाव दोनदा वाचलं होतं. मग म्हणाले, "अमळनेरच्या कॉलेजची आहेस ना? मग पार्टीसमोर नुसतं शिरपूर सांगायचं. भिलाटी-बिलाटी काढत बसायचं नाही." वर उपकार केल्यासारखा चेहरा. बाहेरच्यांपुढं मी 'आमच्या मॅडम', आत 'ए, इकडं ये'. या मीटिंगनंतर मला पर्मनंट करायचं ठरलं होतं. जळगावातच, पिंप्राळ्यात एक खोलीही बघून ठेवली होती, आईला इकडं आणायची म्हणून.

आणि आता तिलाच माझ्या हाताने पुसायचं.

मी माउस सोडला. "शेठ, ही ओळ मी काढणार नाही."

"का?"

"तिच्यात माझी आई आहे."

हसणं थांबलं. लाज वाटली म्हणून नाही, मजा गेली म्हणून. शेठ जवळ येऊन हळूच म्हणाले, "पर्मनंट व्हायचंय ना तुला? साहेब बसलेत. नाटकं नको."

मी हात मांडीवर ठेवले. उचलले नाहीत. शेठने योगेशला खूण केली. योगेशने माझ्याकडं न बघता माउस ओढून घेतला. भिलाटीपुढची खूण गेली. ओळ गेली. सरासरी टुणकन वर.

"आत्ता कसं!" साहेब म्हणाले. "हा खरा शिरपूर तालुका."

तेवढ्यात जेवण आलं. शेवभाजी, वर लालभडक तर्री. त्यांच्याच कंपनीचं सरकीचं तेल असावं. ज्या कपाशीची ती सरकी, ती माझी आई वेचते, बोटं फाटेपर्यंत. साहेबांनी भाकरी तर्रीत बुडवली आणि मिशी पुसली.

तक्त्याखाली बारीक अक्षरात माझं नाव होतं. मी योगेशला म्हणाले, "ते पण काढ."

त्याने शेठकडं पाहिलं. माझंच नाव पुसायला त्याला शेठची परवानगी लागत होती.

"काढ," शेठ म्हणाले. "आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

"उद्यापर्यंत कोण थांबतंय," मी म्हणाले आणि डबा उचलला.

बसने भिलाटीत घरी आले तेव्हा आई चुलीपुढं होती. बाटलीतलं तेल कढईत सोडत होती. मी सगळं सांगितलं. तिने बाटली उलटी धरून शेवटचा थेंब गाळला आणि विचारलं, "आम्ही त्यास्ले दिखतस नही का?"

"दिसतो ना," मी म्हणाले. "म्हणून तर काढतात."

पिंप्राळ्यातली खोली गेली. आई अजून भिलाटीतच आहे. मी धुळ्यात दुसऱ्या ऑफिसात तेच काम करते. इथले शेठ काही वेगळ्या मातीचे नाहीत. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मी शिरपूरकडच्या भिलाटीतली. त्यांचा चेहरा पडला. पडू दे. फॉर्मवर 'रोज किती' हा प्रश्न नसला तर मी फॉर्म उचलत नाही. तक्त्यात भिलाटी शेवटी नाही, पहिल्या ओळीला घेते. आमच्यामुळं तुमची सरासरी खाली येते ना? येऊ दे. जेवढी खाली आहे तेवढी दिसू दे.

आता ती ओळ काढायला जो हात पुढं येईल, तो मी मनगटाला धरीन. साहेबांच्या देखत. आणि सोडणार नाही.