सिस्टरची ओटी

आईचं कपाट आवरताना तळाशी एक निळा खण सापडला, घडी न मोडलेला. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला आणि मी पिंप्राळ्याच्या घरातून थेट जळगावच्या आमच्या मिशनच्या शाळेत, चौथीच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले.

मोठ्या सिस्टरची केरळात बदली झाली होती. जाणाऱ्या बाईला रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही, म्हणून मुलांच्या आया खण-नारळ घेऊन आल्या होत्या. पण लग्नच न केलेल्या सिस्टरची ओटी भरायची कशी? शेजारच्या अक्कांनी निकाल दिला, "ती देवनी बायको शे. सवाष्णच झाली ना ती."

सगळ्यांना पटलं. सिस्टरनी हसत कुणाची तरी ओढणी पुढे पसरली. गहू, नारळ, खण त्यात पडत गेले.

आई मात्र लिंबाखाली थांबली होती. तिच्याही हातात नारळ आणि हा निळा खण होता. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. सिस्टर भरलेली ओटी सावरत तिच्याकडे आल्या. "तुम्ही नाही भरणार?"

आई मागे सरली. "नको सिस्टर. माले चालत नही."

सिस्टरना काही कळलं नाही. त्या ओढणी तशीच पसरून उभ्या राहिल्या, तोवर रिक्षा आली.

अक्का शेजारीच होत्या. सिस्टरला सवाष्ण करायला त्यांना एक वाक्य पुरलं होतं. आईसाठीही त्या तसंच काही बोलतील म्हणून मी रिक्षा निघून जाईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत होते.