हिरव्यातलं घर

"ठोकू का, बाबू?"

हातोडा खांद्यापर्यंत उचलायचा, डोळा खुंटीवर ठेवायचा आणि हे विचारायचं, ही आमच्या मोजणीतल्या एका वयाने मोठ्या गड्याची रीत. मोजणी झालेली असे, चुन्याची खूण पडलेली असे, साहेबांनी दोनदा मान हलवलेली असे. तरी विचारल्यावाचून त्यांनी एकही खुंटी ठोकली नाही. साहेब चिडत. हातोडा तसाच धरून ते शांतपणे म्हणत, "एकडाव खुंटी गेली का जमीन दुसऱ्याची होते जी. इचारून घेतलेलं बरं."

भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता आणि भोवतालच्या शेतांवर सेक्टर आखले जात होते, तेव्हाची ही गोष्ट. ते मोजणीच्या तुकडीत खलाशी होते, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारे, खुंट्या ठोकणारे मजूर. मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी. मी नकाशाखोलीत नकाशे उतरवून काढणारा ट्रेसर, नागपूरहून आलेला, हंगामी, वयाने त्यांच्या निम्मा. आखणीच्या वेळी नकाशाची गुंडाळी घेऊन मैदानावर जाई; त्यांचा 'बाबू' तो मीच. मराठी बोलणारा म्हणून त्यांनी मला आपला मानलं.

टाच आपटून ते सांगत, "इथं पानी साचते." ते खरं निघे. पण स्वतःच्या टाचेपेक्षा त्यांचा माझ्या कागदावर जास्त विश्वास होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्यांना कुटुंब आणायचं होतं. झोपडीसाठी दोन जागा मनात होत्या, एक नाल्याजवळ, दुसरी कुरुद गावाच्या बाजूला एका आंब्यापाशी. "पाहून सांगा ना, बाबू. कागदात कोन्ता रंग येते?"

मी पाहिलं. आंब्यापाशी हिरवा रंग होता. "तिथे काही बांधायचं नाही. मोकळं राहणार."

"सरकार नाही बांधत? मंग आमी बांधतो!" ते इतके हसले की मीही हसलो.

तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत, "आमी हिरव्यात राहनार." साखळीवरचा दुसरा खलाशी म्हणे, "बकऱ्यावानी?" ते म्हणत, "तू ये ना, तुलेही बांधून ठेवतो."

दिवाळी झाली आणि सुधारित नकाशा आला. ट्रेसिंग कापडावर तो मीच उतरवला. बाजाराची जागा सरकली होती आणि तिच्याकडे जाणारा नवा रस्ता थेट आंब्यावरून जात होता. दोन समांतर रेघा मी शाईने ओढल्या. मोठे ड्राफ्ट्समन म्हणाले होते, "मंजुरीआधी या खोलीबाहेर एक शब्द गेला, तर उद्यापासून येऊ नका."

झोपडीचा तेव्हा नुसता पाया झाला होता. त्याच दिवशी सांगितलं असतं, तर त्यांचे काही दिवस वाया गेले असते, एवढंच.

ते रोज कोपरापर्यंत वाळलेली माती घेऊन कामावर येत. "आज भित गुडघ्याले आली, बाबू." मग कमरेला आली. मग छातीला. मी दरवेळी "छान" म्हणालो. एके दिवशी म्हणाले, "आता डोक्याच्या वर गेली. आतून आकाशच दिसते फक्त." छपरावर कवेलू चढले, गावाहून मंडळी आली. अंगणात पपई लावली. मला जेवायला बोलावलं. मी गेलो आणि दोन वेळा भात मागून घेतला.

थंडी सरता सरता मंजुरी आली. रस्त्याची आखणी आमच्याच तुकडीकडे होती. साखळीचं एक टोक त्यांच्याच हातात. आंबा ओलांडून ते आपल्या अंगणात शिरले. दारात त्यांची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. साहेबांनी खूण दाखवली, ती पपईपासून हातभर होती.

त्यांनी हातोडा उचलला. साहेबांकडे पाहिलं नाही.

"ठोकू का, बाबू?"

मी म्हणालो, "ठोका."

संध्याकाळी साखळी गुंडाळताना त्यांनी हळूच विचारलं, "तुमाले मालूम होतं का?"

"नाही."

"मंग तुमचा काय दोष?" असं म्हणून त्यांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला.

काही दिवसांत ते काम सोडून जवळच्या उतई गावाकडे गेले, शेतावर मजुरी करायला. माझी नोकरी कायम झाली. त्याच रस्त्याने मी बाजारात जातो. खरं सांगायला उतईला जायचं मी अनेकदा ठरवलं. उतई काही लांब नाही.

शेवटी गेलो तो मागच्या महिन्यात, ते वारल्याचं कळल्यावर. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. म्हणाली, "तुमची लय याद करत. म्हनत, बाबूले मालूम असतं, तर बाबूनं सांगतलंच असतं."

माझ्या तोंडाशी आलेलं मी पाण्याबरोबर गिळलं.

निघताना ती अंगणापर्यंत आली. नवी खोली काढायची होती. ओल्या मातीचा ढीग तयार होता, पाया खणलेला होता. "हे गेले, आता इचाराव कोनाले? कागदात एकडाव पाहून सांगा ना, बाबू. भित उचलू का?"