एक जूनची पॉइंट गार्ड

मी संशयी बाई आहे. लपवून काही उपयोग नाही, कारण सिल्वासातल्या आमच्या सरकारी शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. सहा बॉल दिले तर परत घेताना मी दोनदा मोजते. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला आधी दहा उड्या मारायला लावते, मग तिचं ऐकते. आमचे हे, सदाशिव, वीज खात्यात आहेत. ते म्हणतात, "सुनंदा, तुझ्यापुढे देव उभा राहिला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील." मागीन! का मागू नये? गुहागरहून इथे येऊन बावीस वर्षं खेळाची शिक्षिका म्हणून काढली आहेत, आणि या बावीस वर्षांत मला फसवायचा प्रयत्न केला नाही असं एक पोर दाखवा.

दुर्गावर माझा संशय पहिल्या दिवसापासून होता.

तेव्हा ती सहावीत होती. मोठ्या मुलींचा खेळ बघत भिंतीला टेकून बसायची. एकदा बॉल मैदानाबाहेर तिच्याकडे गेला. चार जणी हात वर करून ओरडत होत्या, "इकडे दे, इकडे!" या बयेने त्यांच्याकडे बघत बघत बॉल टाकला तो थेट पलीकडे, बास्केटखाली उभ्या असलेल्या वैशालीच्या हातात; ती हिच्याच वर्गातली, पण उंचीमुळे मोठ्यांत खेळायची. वैशालीने नुसता वर सोडला आणि बास्केट झाली.

"कुणी शिकवलं तुला हे?" मी विचारलं.

"कुणी नाही, बाई."

"खोटं बोलू नकोस."

"वैशाली एकटीच होती ना बाई. बाकीच्यांकडे सगळे बघत होते."

आता सांगा, अकरा वर्षांची पोर असं बोलते? मी लगेच विचारलं, "जन्मतारीख काय तुझी?" तिने माझ्याकडे पाहिलं, किंचित हसली, मग मान खाली घालून म्हणाली, "एक जून, बाई."

झालं! माझा संशय पक्का झाला. ज्यांना एक जूनचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या पोराच्या जन्माचा कागद नसतो त्याला पहिलीत घालताना मास्तर विचारतात, सहा पूर्ण का? आईबाप हो म्हणतात, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोबाला सोपं. आमच्या प्रत्येक वर्गात पाच-सहा तरी एक जूनवाले असतात. आणि खेळात असं मूल आलं की त्याचं खरं वय कागदापेक्षा जास्तच असणार, ही माझी अनेक वर्षांची पक्की समजूत. त्यात ते हसू! चोरी करताना पकडलेलं पोर हसतं तसं मला ते वाटलं.

तरी मी तिला संघात घेतलं. न घेऊन करते काय? असा खेळ मी पाहिला नव्हता. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढे आणणारी आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणारी. आमच्याकडे कार्यात पंगत बसली की एखादी वाढणारी असते ना, कुणाच्या पानात काय संपलंय हे त्याने मागायच्या आधी जिला कळतं, तशी ही. ओरडणं नाही, घाई नाही. वैशाली उंच, दिसायला झोकदार. एका सामन्यात वीस-बावीस गुण करायची. दुर्गाच्या नावापुढे दोन, नाहीतर चार. गुणपत्रिकेवर बास्केट करणारीचं नाव लिहितात, बॉल देणारीचं नाही. सगळे म्हणायचे, "सुनंदाबाईंची टीम म्हणजे वैशालीची टीम."

एका सामन्यात मी पेनाने हातावर रेघा मारल्या. वैशालीच्या अकरा बास्केटपैकी नऊ दुर्गाच्या हातून आलेल्या. हे मी कुणाला सांगितलं का? नाही सांगितलं. घरी येऊन यांना म्हटलं, "एवढं डोकं या वयात चालतं का हो? नक्की मोठी आहे ती."

"अगं, वैशालीच्या खांद्याला लागते ती जेमतेम," हे म्हणाले.

"म्हणूनच! वाढ पूर्ण झाली असणार. म्हणून उंची थांबलीय."

यांनी पेपर उघडला.

आमच्या प्रदेशाचा सोळा वर्षांखालील मुलींचा संघ दरवर्षी निवडतात. निवडणारा रघुनाथ. स्वतः चांगला खेळलेला माणूस, पण मला त्याचाही संशय. दोन वर्षं वैशाली संघात गेली आणि दुर्गा राहिली. रघुनाथ कुणाच्या बाकावर बसतो, कुणाबरोबर चहा घेतो, याच्यावर मी डोळा ठेवून होते. दुर्गा म्हणजे डोकमर्डीच्या चाळीत एका खोलीत राहणारी, खडोलीच्या सूत कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. तिच्यामागे कोण बोलणार? नक्की कुणाचा तरी फोन येत असणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

यंदा दुर्गा दहावीत. कागदावर साडेपंधरा, म्हणजे या गटातलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या गटात जाणार, आणि तिथे तिच्या उंचीच्या मुलीला कोण घेतंय? संघात नाव आलं तर एका क्रीडा वसतिगृहात जागा मिळण्याची शक्यता होती. तिथे राहणं, खाणं, शिक्षण सगळं. चाळीतल्या त्या खोलीत ती, आईबाप, धाकटी गुड्डी आणि गावाहून आलेला काका असे पाच जण राहतात. अभ्यास ती शाळेच्या पायरीवर करते. तिने मला कधी काही मागितलं नव्हतं. या वेळी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदाच म्हणाली, "बाई, यंदा होईल का हो?"

"खेळ नीट. बाकी मी बघते," मी म्हटलं.

मग एका शुक्रवारी यादी आली. वैशाली होती. दुर्गा नव्हती. ती रडली नाही, काही विचारलंही नाही. मुलींनी काढून टाकलेले रंगीत बनियन गोळा करून घड्या घालत बसली. मला तो शांतपणा सहन होईना. मी तिथूनच रघुनाथला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. पक्षपात, ओळखीपाळखी, गरिबाची पोर, सगळं काढलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तिन्ही वर्षं मी तुम्हालाच विचारलं होतं. ही छोटी पॉइंट गार्ड फार चांगली आहे, वयाचं खरं आहे ना? तुम्ही दर वेळी काय म्हणालात? 'एक जून आहे, तुम्हीच समजा काय ते.' मी समजलो."

म्हणाले होते मी तसं. गाड्या लावतात तिथे उभं राहून, ओठ मुडपून म्हणाले होते.

पण हार मानेन तर सुनंदा कसली! म्हटलं, माझा संशय खरा असेल तर मी चुकले कुठे? एकदाचा सोक्षमोक्ष लावू. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला रिक्षात घातलं आणि मनगटाचा एक्स-रे काढायला नेलं. हाडं बघून वय सांगतात, सहा महिने-वर्ष इकडेतिकडे. दुर्गा रिक्षात एकदा हळूच म्हणाली, "बाई, हे नको करायला. तुम्हाला त्रास होईल."

"मला कसला त्रास? घाबरलीस का?"

ती बाहेर बघत बसली. मी मनात म्हटलं, सापडली!

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिला. "वय काय म्हणालात? साडेपंधरा? छे. चौदा. जेमतेम चौदा. कागद चुकलाय तुमचा, मुलगी लहान आहे."

"मोठी नाही?" मी विचारलं.

"लहान आहे म्हटलं ना."

म्हणजे इतकी वर्षं ही पोर आपल्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठ्या मुलींना खेळवत होती, आणि मी तिच्या हुशारीला वय चिकटवत होते. लाज वाटली हो मला. आणि लाज वाटली की मला राग येतो. रविवारी दुपारी डोकमर्डीला तिच्या घरी गेले ते सुकदेवला फैलावर घ्यायलाच. बापाने वाढवून वय सांगितलं आणि पोरीचं नुकसान केलं!

सुकदेव साक्रीकडचा. बारा तासांची पाळी करून नुकता झोपून उठलेला. मला बघून धावत जाऊन शेजारून खुर्ची घेऊन आला. भीमाबाई, दुर्गाची आई, बादल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिने न विचारता चहा टाकला. मी उभ्यानेच सुरू केलं, "खोटं वय सांगितलंत ना तुम्ही? दीड वर्ष वाढवून? का?"

सुकदेव गोंधळला. बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमले तं माहीतच शे ना."

"मला? मला काय माहीत?"

"तुम्हीच तर होत्या प्रवेशाच्या टेबलावर." तो खानदेशीतून मराठीत आला. "नऊ वर्षं झाली. आम्ही गावाहून नवीन आलेलो. दोघं कामाला जाणार, पोर कुठे ठेवायची? शाळेत घातली तर दुपारचं जेवण, आणि दिवसभर सांभाळ. पण साडेचार वर्षांची. दिवाळीच्या पाडव्याचा जन्म तिचा. लशीचं कार्ड होतं, पण दाखवलं असतं तर घेतली नसती. भीमाच्या कडेवर झोपली होती, मॅडम. कडेवर! तुम्ही वर पाहिलं, हसल्या, म्हणाल्या, 'सहा पूर्ण ना?' मी हो म्हटलं. तुम्ही लिहून घेतलं. बाहेर येऊन भीमा रडली. म्हणाली, बाईंनी ओळखलं, तरी पोटात घातलं."

भीमाबाई चहाचा कप पुढे करत म्हणाली, "आम्ही पोरीला बजावून ठेवलं, बाई. कुणी विचारलं तर एक जूनच सांगायचं. खरं सांगशील तर बाईंची नोकरी जाईल."

दुर्गा दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने किंचित हसून मान खाली घातली. तेच ते हसू मला सहावीत दिसलं होतं. ती मला सांभाळत होती. मी एवढी मोठी बाई तिची जन्मतारीख विचारते आहे, म्हणजे ती तोंड बंद ठेवते की नाही हे तपासते आहे, असं तिला वाटलं होतं. आणि निवडीत तीन वर्षं मागे पडत गेली, आईकडचं कार्ड दाखवलं असतं तर अजून वेळ मिळाला असता, तरी बोलली नाही.

मला त्या टेबलावरचं काहीही आठवत नव्हतं. जूनच्या त्या आठवड्यात आम्ही सगळे शिक्षक आळीपाळीने बसतो, दोनशे पालक येतात, आणि मी दोनशे जणांकडे बघून हसते. मी काही ओळखलं नव्हतं आणि काही पोटातही घातलं नव्हतं. जन्मतारीख दुरुस्त करून घेऊ, एवढं म्हणून मी निघाले.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत जनरल रजिस्टर काढलं. म्हटलं, कदाचित दुसरं कुणी असेल. दुसरं कुणी नव्हतं. माझंच अक्षर, माझीच सही, आणि त्या पानावर वरून खाली सात वेळा एक जून. माझ्या हाताने.

दुर्गा मला मैदानावर गाठायला आली. "बाई, तुम्ही काही लिहून देऊ नका. मी मोठ्यांच्या गटात खेळीन. मला सवय आहे."

"गप बस!" मी ओरडले. इतकी ओरडले की सराव करणाऱ्या मुली थांबल्या. मग मला रडू आलं, तेही त्यांच्यासमोरच. दुर्गाने मला पाण्याची बाटली दिली.

यंदाचा संघ गेला तो गेला. पण जन्मतारीख दुरुस्त झाली तर पुढच्या वर्षी ती अजून याच गटात बसते. सुकदेवने गावच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला मागवला, भीमाबाईने पेटीतून लशीचं कार्ड काढून दिलं, एक्स-रे होताच. हे सगळं घेऊन मी आणि दुर्गा शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. टेबलावर नीलेश नावाचा तरुण क्लार्क. त्याने कागद बघितले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागे रेलला.

"खेळाच्या शिक्षिका ना तुम्ही? आणि खेळाडूचं वय कमी करून मागताय?"

"खरं करून मागतेय."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम." तो हसला. ओठ मुडपून. मला ते हसू फार ओळखीचं वाटलं. "पहिली नोंद कुणाची?"

"माझी."

"पुरावा न बघता केलीत?"

"हो. त्यासाठी माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ दे. मी लिहून देते."

त्याचा विश्वास बसेना. रजिस्टरची प्रत उलटसुलट करून पाहिली. दुर्गा माझ्याशेजारी अंग चोरून बसली होती. तो म्हणाला, "पण साडेचार वर्षांची पोर आणि सहा वर्षांची पोर, एवढा फरक तुम्हाला कळला नाही? मुलगी समोर नव्हती का त्या दिवशी?"

"होती," मी म्हटलं. "आईच्या कडेवर झोपली होती. मी पाहिलं नाही. पुढेही कधी नीट पाहिलं नाही."

नीलेशने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मग हेच लिहून द्या," तो म्हणाला.