चांदूर बाजारच्या पुढे, नऊ कबड्डीपटूंसोबत

पूनम माझी अकोल्याची कॉलेजमैत्रीण. फोनवर ती फार बोलत नाही. "रविवारी कॅमेरा घेऊन ये. सत्काराचे फोटो नको, खेळाचे पाहिजे," एवढंच म्हणाली. मी पुण्याहून शनिवारी अकोल्यात पोचले.

तिचा भाऊ सूरज बावीस वर्षांचा, जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. त्याच्या कबड्डी संघातले नऊही जण कर्णबधिर. दोन वर्षांपासून ही मुलं गावोगावच्या मंडळांकडे एकच मागणी घेऊन जातात, की तुमच्या नेहमीच्या स्पर्धेत आम्हाला खेळू द्या. आजवर सात गावांनी शाल-नारळ दिला, सामना एकानेही नाही. शाली इतक्या साठल्या की पूनमच्या आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या.

रविवारी पहाटेच निघालो. अकोल्याहून अमरावतीला एसटीने अडीच तास धरा. कंडक्टरने नऊ सवलतीची कार्डं पाहिली, मग नऊ धट्टीकट्टी पोरं पाहिली, आणि त्याला शंका आली. तो शेवटच्या सीटमागे जाऊन जोरात ओरडला. पुढचं तान्हं बाळ दचकून उठलं, मागचे दोन म्हातारे उठले, आमची पोरं खिडकीबाहेर बघत राहिली. कंडक्टरचं समाधान झालं.

अमरावतीच्या स्टँडबाहेर गिला वडा खावाच. उडदाचा वडा, वर दही आणि लाल चटणी. तिखट कमी सांगून उपयोग नसतो. तिथून चांदूर बाजारची बस आणि पुढे वीस मिनिटं काळी-पिवळी जीप. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या मंडळाचं जेवण मी जेवले आहे.

पोचताच मुलांना स्टेजवर बसवलं. मंडळाचे अध्यक्ष संत्र्याचे व्यापारी. त्यांनी कर्णबधिर खेळाडूंपुढे माइकवर चाळीस मिनिटं भाषण केलं. पूनम पहिली पाच मिनिटं खुणांनी सांगत होती, मग थांबली. तिने फक्त 'अजून तेच चालू आहे' एवढी एक खूण ठेवली होती, ती मधूनमधून करायची. शेवटी तिने बोट वर केलं आणि नऊही जणांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचे डोळे पाणावले. न ऐकताही या पोरांना माझ्या भावना कळल्या, असं ते म्हणाले.

शाली आल्या. सूरजने हात जोडले, शाल घेतली नाही आणि बहिणीकडे पाहून खुणा केल्या. पूनमने माइक मागितला.

"तो म्हणते, आमाले शाल नोको. सामन्याच्या लॉटमध्ये नाव टाका."

अध्यक्षांनी समजुतीने अडचण सांगितली. चढाई करणाऱ्याने तोंडाने सतत कबड्डी-कबड्डी म्हणायचं असतं. ही पोरं बिचारी म्हणणार कशी? दम आहे की सुटला, हे पंचाने ओळखायचं कसं? नियम म्हणजे नियम. कार्यकारिणीने माना डोलावल्या.

पंच होते गावच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे गुरुजी. ते खुर्चीतूनच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मले तर कोणाचंच कबड्डी ऐकू येत नाई. तुमचा भोंगा वाजून राहिला असते ना. मी दहा वर्षापासून घड्याळावरच खेळवून राहिलो."

गाव हसलं. अध्यक्षही हसले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. तीस सेकंदांत परत आला तर ठीक, नाही तर बाद, आणि शिट्टीसोबत पंच हातही वर करणार, असं ठरलं. संघाचं नाव पाटीवर लिहिलं.

समोर गावचाच संघ. पहिली दहा मिनिटं ते पोरांना अंगाला हात लागला तर फुटतील अशा बेताने धरत होते. सूरजने त्यांचे तीन गडी घेतले तेव्हा ती दया संपली. त्यांचा तीन नंबरच्या जर्सीचा खेळाडू चिडला. सूरजच्या पुढच्या चढाईत त्याने घोटा असा धरला की सूरज तोंडावर पडला, तरी पंजा मध्यरेषेला टेकवून आला. गुरुजींनी गुण दिला. तीन नंबर सूरजच्या छातीला छाती लावून भांडायला लागला. सूरजने पूनमला विचारलं, काय म्हणते?

मी म्हटलं, नको सांगू. पूनम म्हणाली, "काहून? बाकीच्याईले ऐकू येते ना?" आणि तिने शिव्या एकेक करून, काही न गाळता, हाताने सांगितल्या. सूरजचा चेहरा असा फुलला की तीन नंबर गोंधळून भांडायचाच थांबला.

आम्ही तीन गुणांनी हरलो. नंतर रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. पंगतीत तीन नंबर सूरजशेजारीच बसला होता, आणि दोघं ताटातल्या वरणात बोटाने पकडीची आकृती काढत होते.

पुण्याला आल्यावर फोटो टाकले. खाली रांगेने प्रतिक्रिया आल्या: प्रेरणादायी, सलाम, डोळ्यात पाणी आलं. वाचून मला लाज वाटली, कारण शुक्रवारी निघताना मीही साधारण हेच लिहिणार होते. त्या सगळ्या प्रतिक्रिया मी सूरजला पाठवल्या. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं:

"ताई, त्या तीन नंबरवाल्याचा उजवा हात दिसते असा फोटो आहे का? तेवढा पाठवा. घोटा कसा धरते, पाहाचं आहे."