वीतभर फांदीला तीनच

ऑलिव्हची फळं मिऱ्याएवढी असतानाच विरळ करावी लागतात. वीतभर फांदीला तीन ठेवायची, बाकीची ओरबाडून खाली टाकायची. कृषी महाविद्यालयात मी हेच शिकले होते, फक्त डाळिंबावर. मग लग्न होऊन अमेरिकेत आले आणि व्हिसामुळे अकरा वर्षं मला नोकरीची परवानगी नव्हती. त्यामुळे कॅलिफोर्नियातली ही जागा घेतली, मागे ऑलिव्हची चोवीस जुनी झाडं असलेली, तेव्हाच मी नवऱ्याला बजावलं होतं: घर दोघांचं, बाग माझी.

झाडं माणसात आणायला तीन वर्षं लागली. दाटी झालेल्या फांद्या कापून मधला भाग मोकळा केला, आतपर्यंत ऊन पोचवलं, पाणी बेताने दिलं. चौथ्या वर्षी मे महिन्यात असा बहर आला की पानं दिसेनात. आणि नेमकं तेव्हाच मुलीच्या बाळंतपणासाठी मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, श्रूजबरीला जावं लागलं. काय करायचं आणि कोणत्या तारखेच्या आत, ते सगळं कागदावर लिहून मी फ्रिजवर लावलं.

तिथून नवऱ्याला रोज फोन करायचे. उंटावरून शेळ्या हाकणंच ते.

"अरे, विरळणी केलीस का?"

"अगं, काय भरभरून लागलंय! तोडवत नाही यार. मंडळाच्या ग्रुपवर फोटो शेअर केलेत, सगळे एकदम इम्प्रेस झालेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडीवर नातू होता, ओरडताही येईना. पाच आठवड्यांनी परतले तेव्हा फळांतल्या बिया कडक झाल्या होत्या. आता विरळून काही उपयोग नव्हता.

सप्टेंबरात आम्ही फळं खारवणाऱ्या कारखान्यात नेली. तिथल्या खरेदीवाल्या गोऱ्याने एक फळ कापून पाहिलं. नुसती बी, गर नावाला. त्याने सगळे क्रेट परत पिकअपमध्ये चढवायला लावले. मग माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, फळं मिऱ्याएवढी असतानाच कमी करायची, नाहीतर ती लहान राहतात, झाड थकतं आणि पुढच्या वर्षी काहीच धरत नाही. माझा नवरा मान डोलवत फोनमध्ये नोट्स घेत होता. फ्रिजवरचा कागद मात्र त्याला दिसला नव्हता!

परतताना गाडी चालवता चालवता तो मला समजावू लागला. "अगं, ऐक ना, वीतभर फांदीला तीनच फळं ठेवायची असतात."

"हे मी तुला लिहून दिलं होतं."

"हो गं, पण तो एक्स्पर्ट आहे."

"गाडी थांबव," मी म्हणाले. त्याने थांबवली. "उतर." माझा चेहरा बघून तो उतरला.

मी सरकून स्टिअरिंगवर बसले आणि निघाले. घर अजून दोन मैल होतं, ऊन रणरणत होतं. त्याला चालत यावं लागलं, आणि मला त्याचं आजही जराही वाईट वाटत नाही.