एका टिंबाचा घोळ

न्हाव्याच्या बायकोला राग आला की ती आधी गप्प होते. त्या सकाळी भाजी चिरताना ती अशीच गप्प झाली, कारण लेक धावत येऊन म्हणाली, "आई, काकांनी आपलं दुकान उघडलंय. बाबांच्या हातात वस्तरा दिलाय!"

नवऱ्याला हंटिंग्टन. नाव परकं, पण आजार घरचाच. सासऱ्यांनाही तोच होता. हातपाय आपोआप उडायचे, मान झटके खायची, नि गल्ली म्हणायची, चढलीय आज. आयुष्यात एक थेंब न पिता बिचारे बेवडे ठरून गेले. थोरल्या दिराला सगळं ठाऊक होतं. तरी हिचं लग्न जमवताना तो एवढंच म्हणाला होता, "वडील जरा घ्यायचे."

मध्यंतरी डॉक्टरांनी नवऱ्याच्या मेंदूत खोलवर दोन तारा सोडल्या नि छातीत, कातडीखाली, बॅटरी बसवली. वीज बेताबेतानं वाढवत नेली, तसं अंगाचं उडणं कमी झालं. "यांना बरं वाटेल," डॉक्टर म्हणाले. "पण आजार थांबणार नाही. विसरणं, गोंधळणं चालूच राहील. आणि मुलीला सांगा. तिच्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे."

हे तिनंही ऐकलं होतं, पण दिरानं त्यातला एकच शब्द घरी आणला, तोही मोडून. बरा झाला! पुतणीचं लग्न ठरत आलेलं, आणि सोयऱ्यांना तेवढंच ऐकवायचं होतं. लेकीला सांगायचा विषय निघाला की म्हणायचा, "लग्नानंतर बघू."

ती तशीच अनवाणी दुकानात गेली. खुर्चीत कापडदुकानदार बसलेला, त्याच्या गालावरचा साबण वाळत चाललेला. नवरा वस्तरा धरून उभा. हात अगदी स्थिर. पण तो हात पुढे जाईना. साबणानंतर काय करायचं, हेच त्याला आठवत नव्हतं.

"बघ, हलतोय का हात?" दीर जत्रा भरवल्यासारखा म्हणाला.

"कौतुक नंतर करा हो," खुर्चीतून आवाज आला, "आधी माझा गळा सोडवा!"

तिनं नवऱ्याच्या हातातून वस्तरा अलगद काढून मिटला. मग तोंड उघडलं.

"दादा, डॉक्टर 'बरं' म्हणाले होते, 'बरा' नाही. ते टिंब कानात शिरायला काय झालं होतं? त्यापायी आज माणसाचा गळा कापला गेला असता!"

"हळू बोल. पोरगी दारात आहे. जमलेलं मोडायचंय का तिचं?"

"माझं जमवताना तुम्ही मेलेल्या बापाच्या तोंडाला दारू लावलीत! आज आजारी भावाच्या हातात वस्तरा दिलात. आता माझ्या लेकीच्या पदरात काय टाकताय?"

"सोयरे उठून जातील."

"जाऊ देत! कळल्यावर जाणारे आधीच गेलेले बरे. आणि हे 'बरे' नीट ऐका."

दुकानदारानं घाईघाईनं तोंड पुसलं नि तो सटकला. दीर "मग निस्तर तूच" म्हणत त्याच्या मागोमाग गेला.

"आई, काय लपवताय माझ्यापासून?" लेकीनं विचारलं.

"बस इथं. पहिलं हे ऐक. तुझे आजोबा दारू पीत नव्हते."

लेक रिकाम्या खुर्चीत बसली. खुर्चीत कुणीतरी बसलं, एवढंच नवऱ्याला दिसलं. त्यानं पांढरं कापड झटकलं, लेकीच्या गळ्याभोवती घेतलं नि एका दमात गाठ मारली. बोटं जराही हलली नाहीत. हलत होता तो आईचा आवाज, रागानं. पण ती बोलायची थांबली नाही.