ताराआत्याच्या दाराशी

भूतबाधा, भानामती, अंगात येणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मी म्हणणार नाही. सासऱ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले देवांचे टाक गंगेत सोडले होते. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आमचे हे नाशिकजवळच्या अंबडला कारखान्यात फिटर. त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडखळतोय... पण जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सुजाता आमची एकुलती एक मुलगी. निफाडकडच्या गावी होतो तोवर तिचं तोंड दिवसभर चालू असायचं. "मला लय भूक लागली", "मी नाय जा" असं गावाकडचं बोलणं. तीन वर्षांची झाली आणि मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण बोलणं गेलं. तिला ऐकू यायचं, कळायचंही सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचं मोठं हॉस्पिटल झालं. आधी म्हणाले, वाट बघा. नंतर तेही म्हणेनात.

ऐंशी सालानंतर आम्ही नाशकात शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला राहायला आलो. तिथे तेव्हा इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांची एक शांत गल्ली होती – काळ्या दगडाची जोती, मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा. त्यातला सगळ्यात जुना बंगला पाटबंधारे खात्यातल्या एका इंजिनिअरने बांधलेला. त्याचे नातू मुंबईत, बंगला कुलूपबंद. मागच्या आवारातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. आमच्या खोलीसमोर पेरूचं झाड, आणि झाडाच्या पलीकडे बंगल्याचं मागचं दार, सागवानी, त्याला दोन दगडी पायऱ्या.

माझी शाळा सकाळची. तेवढा वेळ सुजाता शेजारच्या साळवे सिस्टरांकडे असायची. या म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सत्तरी उलटलेल्या, जन्म त्याच गल्लीतला.

थंडीचे दिवस होते. दुपारी शाळेतून आले, सुजाताला घेऊन आले आणि स्वयंपाकाला लागले. ती बाहेर उन्हात खेळत होती. तेवढ्यात एका लहान मुलीचा स्वच्छ आवाज आला –

"ताराआत्या, मी आले हं."

मला वाटलं, गल्लीतली कोणी असेल. डोकावून बघते तर आवारात सुजाताशिवाय कोणी नाही. ती त्या बंद दाराच्या पायरीवर मांडी घालून बसली होती, दाराकडे तोंड करून. मी बघत असतानाच तिचे ओठ हलले.

"पाणी," ती म्हणाली. जरा थांबली, जणू कोणाचं ऐकतेय. मग, "दोरी. ऊन."

मी धावत जाऊन तिला कवटाळलं. "सुजा, परत बोल. आई म्हण. बोल ना गं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. रात्री यांना सांगितलं तर म्हणाले, "तू दमलीय. दुसऱ्या कोणाचं पोरगं असंल."

सुट्टीच्या दिवशी हे घरी होते. सुजाता पायरीवर जाऊन बसली आणि बोलायला लागली. हे खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते. मग तिथेच खाली बसले. म्हणाले, "हे आपलं बोलणं नाय. ही ‘लय’ नाय म्हणत, ‘फार’ म्हणती."

खरंच होतं ते. आमच्या घरात कोणी "हं", "अगंबाई", "फार गोड" असं बोलत नव्हतं. आणि आत्या म्हणावं अशी तारा नावाची बाई आमच्या कुठल्याच नात्यात नव्हती.

मी साळवे सिस्टरांना बोलावून आणलं. त्या पेरूखाली उभ्या राहिल्या. सुजाताने "ताराआत्या" म्हटलं आणि म्हातारीने झाडाला हात टेकला.

"हे नाव तुला कोणी सांगितलं, सुजाताची आई?"

"मला कोणी नाही सांगितलं. तीच म्हणते. कोण होत्या या?"

"इंजिनिअरसाहेबांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन इथं आलेली. आम्ही ख्रिश्चन वस्तीतली पोरं, आमच्या आया इथं भांडी घासायच्या. तिला दाराबाहेर यायची बंदी, आम्हाला दाराच्या आत जायची. मग ती उंबऱ्याच्या आत बसायची, आम्ही या पायरीवर. तिनं आम्हाला बोलायला, वाचायला शिकवलं. एक पोरगा तोतरा होता, त्याला तर तिनं नीट बोलता केला. दोरी, ऊन, पाणी... असेच सोपे शब्द घ्यायची आधी." सिस्टर सुजाताजवळ पायरीवर टेकल्या. "मी परकर नेसत होते तेव्हा ती इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तिची आठवण असणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही."

"तुम्ही सुजाताला कधी..."

"नाही गं. मी हे कोणाला सांगितलेलंच नाही."

मी घाबरायला हवं होतं ना? नाही घाबरले. खरं सांगते, मला हावच सुटली. शाळेतून आले की मी सुजाताच्या शेजारी पायरीवर बसायचे. मला काही ऐकू यायचं नाही. ती थांबायची, मान कलती करायची आणि शब्द म्हणायची. मी मनात म्हणायचे, बाई, तुम्ही कोणी का असेना, शिकवा माझ्या लेकीला. डॉक्टरांकडे नेलं तर तिथे तिने तोंड उघडलं नाही. ते म्हणाले, "आईचं मन असतं, होतं असं." पायरी सोडून ती कुठेच बोलत नव्हती.

आणि मग होळीच्या आसपास, आमच्या स्वतःच्या खोलीत, जेवता जेवता ती म्हणाली, "भाकर." ताराआत्याच्या सुरात नाही, आमच्या सुरात. यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवशी आम्ही दोघं खूप रडलो. वाटलं, आलं... पोरगी परत आली.

आठवडाभरात मुंबईहून मालक आले. बंगला बिल्डरला दिला होता. हे त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, पावसाळ्यापर्यंत थांबा. पोरीसाठी मागतो." मालक वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "करार झालाय हो. माझ्या हातात आता काही नाही." कारण आम्ही सांगू शकलो नाही. काय सांगणार होतो?

तोडायला पुढून सुरुवात झाली. कौलं उतरवत होते, धूळ मागपर्यंत येत होती. त्या दुपारी सुजाता पायरीवर बसली. शब्द म्हटले नाहीत. एकदम विचारलं, "ताराआत्या, उद्या येऊ ना?"

मग ती ऐकत राहिली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या साडीत तोंड खुपसलं. आतून तिला काय उत्तर आलं, मला माहीत नाही.

ते तिचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी दार काढून नेलं. यांनी जुन्या लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या, आणि पंचवटीत ते दार सापडलं. सुजाताला घेऊन गेलो. भिंतीला टेकवलेल्या त्या दारापुढे तिला बसवलं. तिने सागवानावर हात फिरवला आणि आमच्याकडे बघत राहिली. वखारवाला म्हणाला, "घ्यायचंय का दादा?" हे तिला कडेवर घेऊन रस्त्याने चालू लागले.

आम्ही अंबडकडे राहायला गेलो. साळवे सिस्टर पुढच्या वर्षी वारल्या. सुजाता शाळेत रमली नाही, मी घरीच शिकवलं. ती लिहिते, भाकरी थापते, हसते क्वचित. बोलत नाही.

दोन-तीन वर्षांनी मी तिला घेऊन त्या गल्लीत गेले होते. बंगल्याच्या जागी चार मजली इमारत, आणि मागच्या दाराच्या जागी स्कूटर लावलेल्या. भर दुपार होती. माझं मलाच कळलं नाही, मी मोठ्याने हाक मारली, "ताराआत्या..."

वॉचमन बाहेर आला. "कोण पाहिजे, बाई? या नावाचं इथं कोणी राहत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. सुजाता माझा पदर ओढत होती, घरी चल म्हणून.

लोक म्हणतात, तिने सिस्टरांकडेच कधीतरी ते नाव ऐकलं असेल. असेल. मग तो आवाज, ते बोलणं, माझ्यासमोर एकेक करून आलेले ते शब्द? मला सांगता येत नाही. कोणाला उलगडा झाला तरी आता त्याने काही होण्यासारखं नाही.

तिने मला आई म्हटलेलं शेवटचं कधी, तेवढंही मला आठवत नाही.